अण्णा टेकडीवर निघालेत

दादा,

अण्णांना घेऊन नॅशनल पार्कातल्या टेकडीवर जातेय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच त्यांनी आपणहून बूट मागितले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तुला मुद्दामच उठवलं नाही. तू ‘जपून, जपून’ करायला लागलास की ते पुन्हा अंथरुणात शिरतात. चढायला हरकत नाही असं डॉक्टर कालच म्हणालेत, त्यामुळे माझ्यावर डोळे वटारू नकोस. टेकडी झाली की खालचं तळं आणि पक्षी बघायचा मनोरा बघून दुपारी परतू. दूध तापवून ठेवलंय.

निघताना दारात थांबून म्हणाले, “ती चाकांची खुर्ची आज दवाखान्यात परत दे म्हणावं त्याला. आणि माझ्यामागे खूप धावलास, आता तू जरा बस म्हणावं.”

— धाकटी