हॅटखालचं तोंड

॥ श्री ॥

फुलसावंगी,
९ जानेवारी २०२४

चि. शाम यास,

वामनचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. नवी हॅट घेतल्याचं समजलं. म्हणजे एकतीस झाल्या. डोकं मात्र मायबापानं एकच दिलं, तेही अर्धं रिकामं, असं तुझी वहिनी म्हणाली. मी फक्त लिहून कळवतो.

इकडे तूर निघाली. हरभरा बरा आहे, पण रानातल्या रोह्यांचे, त्या नीलगाईंचे, कळप शेंडे खाऊन राह्यले. बुजगावणं उभं करायचं ठरलं तर गडी म्हणाला की बुजगावणं कायले, शामभाऊलेच बोलवा, त्यायची हॅट पाहून रोही पुसदपर्यंत पळतीन. मी त्याला रागावलो नाही.

आता कामाचं. मला काचबिंदू आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेलाच, उजवा उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. समोरचं तेवढं पाइपातून पाहिल्यासारखं गोल दिसतं, बाजूचं सगळं काळं. औषध घालतो. औषधानं जातंय ते थांबेल, गेलेलं परत येत नाही म्हणाले, आणि थांबतही नाही असं दिसतं.

मायच्या तेरवीत मी भर पंगतीत बोललो होतो की तुह्यं तोंड पाहणार नाही अन् आवाजही ऐकणार नाही. आठ दिवसांत तू दिग्रसच्या बाजारातून पहिली हॅट आणलीस. तेव्हापासून लग्न असो की मयत, काठ नाकापर्यंत ओढून येतोस, लांबच्या पंगतीला जेवतोस आणि निघून जातोस. पत्र लिहू नये असं मी म्हणालो नव्हतो म्हणून पत्रं चालतात. अकरा वर्षं मी फक्त तुझी हनुवटी पाहतो आहे.

डोळ्यांतला दिवा जायच्या आत एकदा हॅट काढून माझ्यासमोर उभा राहा. मी माफी मागत नाही. माय चार दिवस दाराकडं डोळे लावून होती आणि तू आला नाहीस, हे मी विसरलेलो नाही. फक्त तोंड पाहायचं आहे.

कळावे. लोभ कमी झाला असला तरी आहे तो राहू द्यावा.

तुझा,
वामन

दिग्रस,
२२ जानेवारी २०२४

ती. दादाच्या चरणी,

शामचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. तुझी अक्षरं बोराएवढी झाली आहेत आणि ओळी उतारावरच्या गाईंसारख्या खाली घसरतात. दृष्टी जाणार हे वाचून वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खोटं बोलायची सवय आपल्या घरात मला कधीच नव्हती.

नवी हॅट करड्या फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची आहे. नागपूरच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या घरचं सामान विकायला आलं होतं, त्यात मिळाली. आत चामड्याच्या पट्टीवर त्या माणसाच्या घामाचा डाग अजून आहे. मी किटलीच्या वाफेवर धरून तिचा माथा नीट बसवला, काठ पुढून खाली आणि मागून वर केला. फकिरा सोबत होता. तांड्यावरचा फकिरा तुला आठवत असेल, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर वीस वर्षं माझ्या जोडीला होता. त्याची उंची माझ्याएवढी, टक्कलही माझ्याएवढंच. लोक मागून हाक मारताना चुकतात. त्यानं ती घालून पाहिली तर त्यालाही बरोबर बसली.

पुढच्या खोलीत भिंतीला लागून मडकी उपडी घातली आहेत, एकेका मडक्यावर एकेक हॅट. नाटकमंडळीकडून घेतलेली काळी गोल कडक हॅट, यवतमाळच्या एका पाद्र्याच्या घरची सोला हॅट, तीन पनामा. मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवतो म्हणजे कसर लागत नाही. लोक म्हणतात शामरावांना म्हातारपणी इंग्रज व्हायचं आहे. खरं काय ते तुला माहीत आहे. तू तोंड नको म्हणालास, मी झाकलं. तुझा शब्द तुझ्यापेक्षा मी जास्त पाळला. पाळता पाळता छंद लागला, हा तुझाच आशीर्वाद.

आता तुला तोंड हवं आहे. मग ऐक. माय मंगळवारी पडली आणि मला निरोप शनिवारी आला, तोही एस.टी.च्या कंडक्टरकडून चिठ्ठीत. तुझ्या खिशात मोबाइल होता. आमच्या जिनिंगमध्ये दोन फोन होते. मी पोचलो तेव्हा सरण विझत आलं होतं, आणि तेराव्या दिवशी तू मलाच चार गावच्या लोकांसमोर मायचा वैरी केलंस.

२ एप्रिलला मायची तिथी आहे. तीच माणसं जेवायला येतील. त्यांच्यासमोर उभा राहून सांग की निरोप तू दाबला होतास. तेवढं बोललास तर तोंड दाखवीन. नाही तर हनुवटीवर भागव.

वहिनीस नमस्कार. लोभाची विनंती या वेळी तुझ्याकडून यावी.

तुझा,
शाम

फुलसावंगी,
६ फेब्रुवारी २०२४

चि. शामभाऊजी यांस,

कोकिळेचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. गाळायला हवे होते. तुम्हाला उतारावरच्या गाई सुचल्या, मला तुमच्या कानाखाली द्यावीशी वाटली. लहान दीर म्हणून तुमचे खूप लाड केले, त्याचं हे फळ.

भाऊजी, ते चहा कपाबाहेर ओततात. काल बाजेला अडखळून पडले, कपाळावर टेंगूळ आलं. बाजूनं कोणी आलं तर कळत नाही, आवाज दिल्यावर दचकतात. अंगणात बसून दिवसभर वाटेकडं तोंड करून राहतात. मी विचारलं, काहून बसता उन्हात, तर म्हणाले की अजून दिसते तोवर पाहून घेतो.

निरोप उशिरा दिला हे खरं आहे. मी तेव्हाच त्यांना भांडले होते. माय सारखं शाम शाम करत होती, आणि तिचं सगळं दुखणं काढत होतो आम्ही. त्यांच्या मनाला ते लागलं. माणसाच्या मनात असं येतं. पण ते तुम्ही अकरा वर्षं डोक्यावर घेऊन फिरता, हे मला पटत नाही.

ते तिथीला सगळ्यांसमोर बोलायला तयार आहेत. तीन दिवस जेवले नाहीत, मग तयार झाले. आता तुम्ही शब्द फिरवू नका. तुमच्या हॅटी मी कधी हसण्यावारी नेल्या असतील तर विसरा. येताना कोणतीही घाला, जाताना मात्र उघड्या डोक्यानं जा.

तुमच्या वहिनीचा जीव अजून तुमच्यात आहे, तो तसाच राहील असं वागा.

कोकिळा

दिग्रस,
१८ मार्च २०२४

ती. दादास,

शामचा शि. सा. न. वि. वि. वहिनीचं पत्र मिळालं. तू कबूल झालास, बरं वाटलं.

२ तारखेला पुसदला गाडी बदलून बारापर्यंत पोचतो. करडी फेल्ट घालून येईन. तिथं मी काही बोलणार नाही, कारण आवाजाचाही तुझा शब्द आहे आणि तू तो आधी मागं घ्यायला हवास. हॅट तू स्वतःच्या हातानं काढ. माथ्याला धरू नको, चिमटलेला फेल्ट तिथंच फाटतो. दोन्ही हातांनी काठ धर आणि उचल. मग पाहिजे तेवढं पाहा.

फकिराही सोबत येईल. त्याच्यासाठी एक पान जास्त मांडावं. बाकी भेटीत, आणि त्याआधी लोभ किती उरला ते मोजू नये.

तुझा,
शाम

दिग्रस,
५ एप्रिल २०२४

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तू जेवलास, झोपलास, आणि आता कोकिळावहिनी तुला हे वाचून दाखवते आहे. नीट ऐक.

तिथीला तू ज्याच्या डोक्यावरची हॅट काढलीस, तो मी नव्हतो. तो फकिरा होता. गाडीतून उतरल्यावर मी त्याला माझी हॅट आणि कोट घातला, त्याचा पांढरा सदरा मी घातला. मी उघड्या डोक्यानं गोठ्यापाशी चिंचेखाली उभा होतो. गंमत अशी की अकरा वर्षांत कुणी मला हॅटशिवाय पाहिलंच नव्हतं, त्यामुळे आपल्या चुलतभावांनीही मला ओळखलं नाही. एकानं तर मला पाणी वाढायला सांगितलं.

तू दोन्ही हातांनी काठ धरलास, सांगितलं होतं तसं. हॅट उचललीस. फकिराच्या गालावरून हात फिरवलास. मागच्या पंगतीत खसखस पिकली, कारण त्यांना फकिरा दिसत होता. तुला तेवढंही दिसलं नाही. मग तू घसा खाकरून बोलायला लागलास आणि माझं हसू मला आवरेना. पोट धरून मी फाटकाबाहेर गेलो आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. तू एका तांड्यावरच्या माणसाची माफी मागत होतास, आणि तो बिचारा बोकडासारखा तुझ्याकडं पाहत होता.

ज्याची वाट पाहिली ते तोंड न दिसणं काय असतं, हे मायनंतर आता तुला कळलं. मला सरणापाशी कळलं होतं.

फकिरा मात्र अजून परतला नाही. त्याला म्हणावं हॅट घेऊन ये. ती एकतिसावी आहे, तिचं मडकं रिकामं आहे.

लोभ होता तो फिटला असं समजतो.

शाम

फुलसावंगी,
२१ एप्रिल २०२४

शाम यास,

वामनचे आशीर्वाद. हे पत्र मी सांगतो आहे आणि कोकिळा लिहिते आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी उजवा डोळाही गेला. सकाळी उठलो तर गोल नव्हतं. आता अंधार आहे आणि तो दिवसाही जात नाही.

तुझं पत्र ऐकलं. तू हुशार आहेस, पण मी काय लिहिलं ते तू वाचलं नाहीस. बाजूचं दिसत नाही, समोरचं गोल दिसतं, असं मी जानेवारीत लिहिलं होतं. त्या गोलात मला टाचणीसुद्धा दिसत होती. हॅट उचलताक्षणी मला फकिरा दिसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हा काय प्रकार आहे ते कळायला मला वेळ लागला, म्हणून मी त्याच्या गालावर हात ठेवून उभा राहिलो.

मग मला वाटलं की हॅट फकिराच्या डोक्यावर आहे, म्हणजे तुझं डोकं आज उघडं आहे. तू इथंच असणार, कारण पाहिल्याशिवाय तुला चैन पडणार नाही. मी तो गोल हळूहळू फिरवला. पंगत गेली, विहीर गेली, गोठा आला, चिंच आली. चिंचेखाली तू होतास. पुढचे केस सगळे गेले आहेत तुझे. डाव्या कानामागं पांढरं टेंगूळ आलं आहे, ते डॉक्टरला दाखव. बापासारखा दिसायला लागला आहेस.

मी जे बोललो ते फकिरासमोर बोललो नाही, तुझ्याकडं पाहून बोललो. तू कबूल करायला सांगितलं होतंस त्यापेक्षा जास्त बोललो. निरोप मी दाबला, एवढंच नाही. मायनं विचारलं तेव्हा तिला मी सांगितलं की शामले कळवलं, तो येत नाही म्हणते. चारही दिवस तेच सांगितलं. तिला तुझा राग यावा आणि तिनं तुझं नाव घेणं बंद करावं असं मला वाटत होतं. तिनं नाव घेणं बंद केलं नाही. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, त्याले काम असन. हे मी कोकिळेलाही कधी सांगितलं नव्हतं. तिनं त्या दिवशी सगळ्यांबरोबर ऐकलं. आता लिहिताना ती थांबली होती, मी पुढं लिही म्हणालो.

पंगतीतलं हसू तेव्हाच बंद पडलं. पानावरून लोक उठले. फकिरानं हॅट माझ्या हातात दिली आणि खाली बसला. हे सगळं चाळीस लोकांनी ऐकलं, तू ऐकलं नाहीस. तू पोट धरून फाटकाकडं जात होतास.

फकिरा तुझ्याकडं येणार नाही म्हणाला. तांड्यावर गेला. हॅट कोकिळा पार्सलनं पाठवते आहे, काठाला धक्का लागू नये म्हणून मध्ये कापूस भरला आहे. मडकं रिकामं ठेवू नकोस.

तू आता येशील असं कोकिळेला वाटतं. येऊ नकोस. मला मायचा चेहरा आठवेना झाला आहे, नातवंडांचा, कपिलचा आणि खुशीचाही आठवेना. डोळे मिटले काय अन् उघडले काय, एकच चेहरा समोर येतो, तो तुझा आहे. त्या दिवशी गोलात जसा होता तसाच, दात दाखवून हसणारा. तू रडत आलास तरी मला तेच दिसेल.

लोभ कसा ठेवायचा ते मला समजत नाही, तुला समजलं तर ठेव.

तुझा दादा,
वामन