जेवतानाही गॉगल

३ मार्च
गॅरेजमध्ये ग्राइंडर आला! संकल्प: आठवडाभरात लोखंडी स्टूल. बायकोने काळ्या काचांचा सेफ्टी गॉगल हातात कोंबला. म्हणाली, डोळ्याला काही झालं तर ग्राइंडर त्याच दिवशी भंगारात. उगाच बाऊ. गॉगलने घाम येतो, कपाळावरच बरा दिसतो. ठिणग्या उडाल्या की मी डोळे बारीक करतो. उपजत कौशल्य आहे.

५ मार्च, दुपारी
उजव्या डोळ्यात कण गेला. किरकोळ. पाणी मारलं, चोळलं. डोळे आणखी बारीक करायला हवे होते, एवढंच.

५ मार्च, संध्याकाळी
डोळा लालबुंद. बायकोने पाहिला तर ग्राइंडर गेलाच. गॉगल लावूनच घरात शिरलो. ती बघतच राहिली. म्हणाली, आली बाई एकदाची अक्कल! लगेच मेहुणीला फोन.

६ मार्च
गॉगल लावून चहा. गॉगल लावून जेवण. वाफेने काचा धुरकटल्या, चमचा नाकाला लागला. सवय लावून घेतोय म्हटलं. मेहुणी नवऱ्याला घेऊन मुद्दाम बघायला आली. त्याला म्हणाली, बघा, शिका काहीतरी. आता कुठल्या तोंडाने काढू?

७ मार्च
उजवीकडे धुकं. काच खराब निघाली असणार. चार वेळा पुसली, तेच. गॉगल काढून पाहिला, तरी तेच. हवाच दमट असेल.
खरं म्हणजे घाबरलोय. सांगितलं तर ग्राइंडर जाणार. नाही सांगितलं तर... पुढचं लिहीत नाही.

८ मार्च
काच पुसून देते म्हणत बायकोने प्रेमाने गॉगल काढला. ओरडली नाही. नुसतं ‘चला’ म्हणाली.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गर्दी. उघड्या दारातून अक्षरांचा तक्ता दिसत होता. डाव्या डोळ्याने अख्खा पाठ केला. उजवा ठणठणीत ठरला की ग्राइंडर वाचला!
आत बसताच डॉक्टरांनी टॉर्चने तपासायला डावा डोळा झाकला. मी थांबलोच नाही, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. मग ऐटीत बायकोकडे पाहिलं, म्हणजे ती असावी त्या दिशेला.
डॉक्टर म्हणाले, काका, तक्ता बदलायला काढलाय. भिंतीवर आत्ता काहीच नाही.
बायको रडायला लागली. ग्राइंडरचं नावसुद्धा काढलं नाही तिने.