वाफ म्हणजे धूर नव्हे

२ नोव्हेंबर
आजपासून सिगारेट बंद. कायमची.
कारण श्रेया. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत. पण फोनवर बाईसाहेबांची अट : आबा, तुमचं धुराडं बंद झालं तरच डाळजला येते, न्हायतर हितं वालचंदनगरला सासूबाई करत्यात सगळं. म्हणजे माहेर धडधाकट असताना लेक सासरी बाळंत होणार! गावात तोंड दाखवायला जागा राहील का?
बायकोदेखत पाकीट चुलीत टाकलं. विजयमाला म्हणाली, मागल्या खेपेला बी चुलीनंच वढली हुती. या बाईला कौतुक म्हणून करता येत नाही.

३ नोव्हेंबर
पोट साफ नाही. सगळ्या जगाची किळस येतेय.
लोणी देवकरला कंपनीत पोचलो तर आमचा वॉचमन म्हस्कू बिडी विझवून बेसिनमध्ये खाकरत होता. पिवळं, चिकट, नळाला लोंबलेलं. त्याच नळाला मी हात धुतो. शी! असल्या माणसांमुळे रोगराई पसरते. टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडत दिवसभर चिडलो.

५ नोव्हेंबर
सुटलो! पुतण्या ऋषिराजनं बारामतीहून एक वस्तू आणून दिली. पेनासारखी, खिशाला लावता येते. आंब्याचा फ्लेवर. ओढली की धूर नाही, राख नाही, नुसती वाफ. सर्दी झाली की आपण वाफ घेतोच की! म्हणजे हे जवळजवळ औषध झालं.
तो म्हणाला, काका, कुणाला दावू नका, बंदी हाय. चांगल्या वस्तूवर सरकार बंदी आणणारच.
तरी बाळ येईपर्यंत हेही सोडणार. ठरलं.

१४ नोव्हेंबर
श्रेया आली. जावई अविराज सोडून गेले. आल्या आल्या नाक वर करून हुंगली. म्हणाली, आबा, घरात आंब्याचा वास कसा काय, ह्या दिवसांत? म्हटलं, लोणचं.
मग गळ्यात पडून रडली. आबांनी खरंच सोडली, असं गल्लीभर सांगत सुटली. मलाही भरून आलं. अभिमान वाटला स्वतःचा.

२ डिसेंबर
कंपनीत सर्दीची साथ. हजेरीच्या थम मशीनवर जो तो आधी नाक पुसतो आणि मग अंगठा लावतो. काच पार बुळबुळीत. रुमाल गुंडाळून अंगठा लावला तर मशीन घेईना, गैरहजेरी लागली.

१३ डिसेंबर
सगळ्यांची सर्दी गेली. माझी छातीत उतरली. रोज सकाळी कफ नीट बघतो. काल पिवळा, आज हिरवट. म्हणजे घाण बाहेर पडतेय, शरीर साफ होतंय. ज्यांच्या आत साचून राहते त्यांचं अवघड.
खरं कारण शेजारच्या रानातलं पाचट. ऊस तुटला की देतात पेटवून. आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर काळी राख पडते. तीच माझ्या छातीत. घाण करायची यांनी आणि खोकायचं मी.

२० डिसेंबर
भिगवणच्या डॉक्टरकडे. तंबाखू ओढता का, असं विचारलं. नाही म्हटलं. खोटं कुठंय? पेनात पानं थोडीच असतात.
त्यांनी तरी व्याख्यान दिलंच. आपल्या श्वासनळीत म्हणे बारीक लव असते, ती आतला कचरा झाडून वर काढते. ओढणाऱ्याची ती लव मोडते, म्हणून साधी सर्दी छातीत उतरते, न्यूमोनिया लवकर धरतो. वाफेचं पेन असलं तरी आतल्या नळ्या सुजतातच. मला कशाला सांगत होते कळेना. लेक बाळंतपणाला आलीय म्हटल्यावर वर म्हणाले, खोकला आहे तोवर तिच्यापासून आणि बाळापासून लांब राहा. फी मात्र पूर्ण घेतली.

११ जानेवारी
नात झाली! बारामतीत, पहाटे. लाल, एवढीशी, मुठी आवळून आलेली. तिच्या टाळूचा वास घेतला आणि छातीत काहीतरी हललं. खोकला नव्हे, दुसरंच.
पेन कायमचं बंद. नातीची शप्पथ.

१४ जानेवारी
संक्रांत. सणासुदीला मन मारू नये. उद्यापासून.

१८ जानेवारी
घरात वाद. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची की नाही? विजयमालाचं म्हणणं, बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, वावडिंग, लसणाच्या साली थोड्या टाकू. श्रेया म्हणते, डॉक्टरांनी धूर अजिबात नको म्हणून बजावलंय. विजयमाला मान्य करणार असं दिसलं.
तेव्हा मी मध्ये पडलो. आपल्या आज्या-पणज्या काय वेड्या होत्या? सकाळ-संध्याकाळ धुरी झालीच पाहिजे! असा आवाज चढवला की श्रेया रडकुंडीला येऊन तयार झाली. परंपरेच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला नको का?

२० जानेवारी
धुरी उत्तम चालू आहे. नातीजवळ बसता येतं, आणि खोली ओव्यानं अशी भरते की खिडकीशी दोन झुरके वाफेचे घेतले तर कुणाला पत्ता लागत नाही. धुरीत वाफ मिसळली, औषधात औषध. बाळानं डोळे चोळले, शिंकलं. विजयमाला शेगडीवरच खेकसली.
मला खोकल्याची उबळ आली. तोंड फिरवून खोकलो. बहुतेक वेळा फिरवतोच.

२९ जानेवारी
बारामती. दवाखाना.
परवापासून बाळ दूध ओढेना. काल रात्री बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. आता नाकाला ऑक्सिजनची नळी. तिचं नाक केवढं आणि नळी केवढी. बघवत नाही.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोण खोकतं? कोण ओढतं? श्रेया ताठ मानेनं म्हणाली, कुणीच न्हाय, आबांनी कवाच सोडली. तेव्हा विजयमाला बोलली. म्हणाली, ह्यांना इचारा. आमच्यात लोणचं लिंबाचं असतंय, आंब्याचं न्हाय. ह्यांचं वाफेचं पेन मला पयल्या दिसापासनं ठावं हाय, पण लेक माहेरी याया पायजे हुती म्हणून तोंड शिवून बसले. खोलीत वढत असतील असं न्हवतं वाटलं वो.
डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आजोबा, तुमच्या पेनातून निघते ती पाण्याची वाफ नाही. तुमचा खोकला, तुमचं पेन, ती शेगडी, सगळं या एवढ्याशा छातीत गेलं.
मी पाचटाचं सांगायला लागलो. अविराज उठून बाहेर गेले.
श्रेयानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती माझ्याकडे बघत होती, मी कंपनीतल्या बेसिनकडे बघतो तशी.

४ फेब्रुवारी
बाळ सुधारलं. देव पावला. दवाखान्यातून गाडी परस्पर वालचंदनगरला गेली. विजयमालाही गेली, लेकीजवळ राहायला. गावात विचारतात, बाळंतीण एवढ्यात कशी गेली? हवापालट म्हणून सांगतो.
घरात एकटा. आता सोडायला अडचण काहीच नाही. त्रास देणारं कुणी नाही, म्हणून सोडायची घाईही नाही.

१६ फेब्रुवारी
बारसं. खरं तर आमच्या दारात व्हायचं, झालं जावयांच्या क्वार्टरमध्ये. बाळंतविडा घेऊन गेलो. विहीणबाई माधवीताई दारातच आल्या. गोड बोलून व्हरांड्यात खुर्ची मांडली. म्हणाल्या, आबासाहेब, खोकला हाय तवर हितंच टेका, वाईट वाटून घिऊ नका. वाटलं. पण बसलो.
आत पाळणा सुरू झाला. बायका हसत होत्या. आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र केलं, तेवढ्यात मला उबळ आली. भिंत धरली, तरी थांबेना. थांबली तेव्हा आत टाळ्या संपल्या होत्या. माझ्या हातावर घुगऱ्या ठेवून एक मुलगी लांब सरकली.
नाव काय ठेवलं ते कुणाला विचारायची लाज वाटली. एस.टी.नं परत आलो आणि जावयांच्या स्टेटसवर वाचलं. स्वरूपा.
रिकाम्या खोलीत बाजेवर बसून मोठ्यानं हाक मारून बघितली. निम्म्यातच खोकला आला. पुन्हा मारली. पुन्हा आला. पुरतं नाव काही तोंडातून निघालं नाही.