होडीकडेच वळले

सर, तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि नेहमीपेक्षा चार घास जास्तच जेवले. अर्धं गाव तुमच्या अंगणात उभं होतं. नवरा म्हणाला, "अगो, त्येंनी तुका शिकयला. जावन ये." मी म्हटलं, "माजे पाय दुखतत." त्याला आता अकरा वर्षं झाली. पाय तेव्हा दुखत नव्हते हे त्यालाही माहीत होतं, पण माझ्या रागाच्या वाटेला तो जात नाही. हे सगळं आज लिहायला बसले, कारण परवाच्या रविवारी तुमच्या नावाचा चषक माझ्या घरात आला. तो फ्रिजवर ठेवला आहे आणि मला तो बघवत नाही.

नववीतला तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला तो क्षण न् क्षण सांगता येतो. कणकवलीला जिल्ह्याच्या शर्यतीसाठी एकच मुलगी निवडायची होती. शाळेचं मैदान ते केवढं, म्हणून तुम्ही आम्हाला देवबागच्या पुळणीवर नेलंत. शाळेत स्टॉपवॉच एकच, आणि एकावेळी दोघींची वेळ बघण्यावर तुमचा विश्वास नव्हता, म्हणून एकेकीला सोडायचं. वर ओढून ठेवलेल्या रापणीच्या जाळ्याच्या होडीपर्यंत धावायचं, होडीला हात लावायचा आणि परत यायचं; तुम्ही उभे होतात तिथून ती दिसत नव्हती. माझा नंबर यादीत शेवटचा. माझ्या पायात तुमच्या मुलीचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट होते. आदल्या दिवशी तुम्हीच ते मला कागदात गुंडाळून दिलेत आणि म्हणालात, "तुझे पाय वाऱ्याचे आहेत, वाया घालवू नकोस." असं काही मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. त्या वाक्यासाठी मी त्या दिवशी गोव्यापर्यंतसुद्धा धावले असते.

मी परत आले तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. सगळ्यांपेक्षा माझी वेळ दीड मिनिटाने कमी होती. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "मधूनच वळलीस." मी तळहात पुढे केला. होडीच्या बुडाला ताजं डांबर फासलेलं होतं, ते माझ्या पाचही बोटांना लागलं होतं. "सर, मी होडयेक हात लायलो, ह्या बघा." तुम्ही हात बघितलासुद्धा नाहीत. म्हणालात, "डांबर काय, किनाऱ्यावर कुठेही मिळतं." मग सगळ्या मुलींच्या समोर बूट काढून द्यायला सांगितलंत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मला पुढे उभं करून शाळेला सांगितलंत की पळण्यापेक्षा प्रामाणिकपणा मोठा. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव "अर्ध्यावरची" पडलं. लग्न ठरलं तेव्हाही कोणीतरी हसत म्हणालंच, "बघ हां, अर्ध्यार सोडून येतली."

पण मी तुम्हाला माफ केलं नाही ते याच्यासाठी नव्हे. चूक कोणाचीही होते. धावले त्याच संध्याकाळी मी परत पुळणीवर गेले आणि वाळूत होडी ओढल्याचा लांबच लांब चर दिसला. रापणीच्या म्होरक्याला आम्ही सगळी पोरं आजा म्हणायचो. तो म्हणाला, "उधाण होता गो. पाणी चढाक लागला, थय पुळण अरुंद, म्हणान आमी होडी हय अल्याड ओढली." तेव्हा मला कळलं. बाकीच्या मुली होडीला हात लावून आल्या तेव्हा ती लांब होती. माझी पाळी येईपर्यंत ती जवळ आली होती. मी आज्याला दुसऱ्या दिवशी, प्रार्थना होऊन गेल्यावर, शाळेत घेऊन आले. तो बिचारा धुतलेला सदरा घालून आला, तुमच्या टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, होडी आमी हलयली. ह्या चेडवाचो काय दोष?" तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. तुम्हाला पटलंही होतं. तुमची मान एकदा खाली गेली, ती मी बघितली. मग तुम्ही म्हणालात, "तुमचीच होडी, तुमचाच साक्षीदार." तो गेल्यावर मला म्हणालात, "शाळेपुढे एकदा बोललोय मी. आता शब्द फिरवला तर उद्या मला कोण विचारेल? वर्गात जा." कणकवलीला दुसरी मुलगी गेली. आणि मी वर्गात गेले.

तेव्हापासून तुम्ही मला दिसलात की मी रस्ता बदलायचे. गेल्या वर्षी तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्या स्मरणार्थ मॅरेथॉन जाहीर केली. दहाच किलोमीटर, पण आमच्याकडे चार माणसं एकत्र धावली की मॅरेथॉन. जिल्ह्यातल्या महिलांत पहिली येणाऱ्या बाईला तुमच्या नावाचा चषक आणि माईकवर दोन शब्द. ते पत्रक आमच्या होमस्टेच्या भिंतीवर लागलं आणि मला तिथल्या तिथे माझे दोन शब्द सुचले. वर्षभर मी पाहुण्यांचे घावणे घालायच्या आधी, पहाटे, त्याच पुळणीवर धावले. अठ्ठेचाळीस वय, गुडघ्याला तेल चोळायचं आणि धावायचं. पत्रकात वळायची खूण दिली होती, पाण्याच्या निळ्या टाकीसमोर उभी केलेली एक होडी. ती टाकी मला डोळे मिटून सापडायची. भाषण शुद्ध मराठीत पाठ केलं होतं, तालुक्याच्या कचेरीत बोलतात तसं: "सरांनी मला खोटं ठरवलं, आणि मी खरी आहे हे त्यांना माहीत होतं." नारळ खवताना म्हणायचे, मासे कापताना म्हणायचे. तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, तुमच्या सगळ्या गोतावळ्यासमोर ते म्हणायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पण आमची माणसं! समितीने रविवार बघितला, तिथी बघितली नाही. घाटावरची असती तर समजू शकते, ही समुद्रात पाय बुडवून वाढलेली. अमावास्येचा दिवस, मोठं उधाण, त्यात तुमच्यावरच्या भाषणांनी शर्यत सुटायलाच तास गेला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे तुम्ही त्या दिवशी देवमाणूस झाला होतात. रस्ता अरुंद म्हणून आधी तरुण मुली सोडल्या, वीस मिनिटांनी आम्ही चाळिशीपुढच्या. निकाल घड्याळातल्या वेळेवरून ठरणार होता.

पुळणीवर आले तेव्हा मी आमच्यात सगळ्यांच्या पुढे होते. पाणी वर चढलं होतं. आणि समोर बघते तर होडी निळ्या टाकीसमोर नव्हतीच. मालकाने ती बरीच अलीकडे ओढून घेतली होती, आणि वळणाऱ्यांच्या हातात रबर घालायला ठेवलेल्या दोन कॉलेजच्या मुली होडीबरोबर चालत इकडे आल्या होत्या. त्यांना सांगितलेलं, होडीकडे उभ्या राहा. त्या उभ्या होत्या. "काकी, हय, हय!" म्हणून त्यांनी हात केला. मला टाकी दिसत होती, सर. अडीचशे पावलं असतील. छातीत धाप होती तरी डोकं साफ होतं. मी होडीच्या पुढे दहा पावलं गेलेसुद्धा. मग परत आले, मनगट पुढे केलं, लाल रबर घालून घेतलं आणि वळले.

मी अर्ध्या मिनिटाने पहिली आले. दुसरी आली ती कणकवलीची एक पोर, दवाखान्यात नर्स आहे, तरुण मुलींच्या पहिल्या तुकडीत धावलेली. हातातलं घड्याळ समितीच्या माणसापुढे धरून ती सांगत होती, "माज्या घड्याळात धा किलोमीटर दाखयता, आणि काकींच्या तुकडीतल्या एका बाईच्या घड्याळात साडेनऊच. बघा तरी!" तो म्हणाला, "घड्याळाचा काय घेवन बसलंस? हातात रबर आसा मां?" मग माझ्याकडे वळून, आदराने, "काकी, तुमी होडयेकडेच वळलात मां?" ती पोर माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला ओळखू आलं, तुमच्या टेबलापुढे मी तसंच बघत होते.

मी म्हटलं, "होडयेकडेच वळलंय."

चषक घेतला. माईक हातात दिला. तुम्ही हारातून बघत होतात. वर्षभर घोकलेलं ते वाक्य मी सोडून दिलं, कारण ती पोर पहिल्या रांगेत उभी होती. शेवटी म्हटलं, "सरांच्या शिकवणीमुळेच मी आज इथे आहे." टाळ्या पडल्या. सर, खरं सांगायचं तर त्या माईकवर मी याच्यापेक्षा खरं काही बोलूच शकले नसते.

म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. उलट आता राग जास्त आहे. एवढी वर्षं तो एक खरेपणा तेवढा माझा होता, तोही तुमच्याच नावाच्या शर्यतीत गेला. हे पत्र तुमच्या घरच्यांना द्यायचं म्हणून सुरू केलं होतं. पण त्यांच्या हातात ते पडलं तर ते सगळ्या गावाला कळेल, आणि तुमच्याबद्दलचं सांगायला मला माझंही सांगावं लागेल. पाकीट डब्यात तांदळाखाली ठेवते. त्या पोरीचा फोन नंबर समितीच्या यादीतून उतरवून घेतला आहे, अजून लावलेला नाही. तिने होडीच्या मालकाला गाठून होडी हलवली का ते विचारावं, असं मला वाटायला हवं. मला वाटतं ते असं, की तिने विचारू नये.