सतराव्या पानावरचं पाकीट

प्रिय बोक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू दचकशील. मी तुला कधीच पत्र लिहिलेलं नाही. फोन उचलून बोलावं, तर कालपासून तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. रडते आहे असं समजू नकोस, रडू अजूनही आलेलं नाही. बाबा जाऊन तेवीस दिवस झाले. तो माणूस आपल्या औषधांच्या दुकानात उभ्या उभ्या गेला, हातात गिऱ्हाइकाची खोकल्याची बाटली होती. ती बाटली त्याने आधी गल्ल्यावर नीट ठेवली आणि मगच तो खाली बसला. हे कंपाउंडरकाकांनी सांगितलं तेव्हापासून मी जी थिजले आहे ती तशीच. तू दीड दिवस होतास तेव्हा मी तुझ्याशी नीट बोललेही नाही. तूही त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. दारापर्यंत आलास, पुस्तकांच्या मांडणीकडे बघितलंस आणि चहा मागायला स्वयंपाकघरात गेलास. का ते मला माहीत होतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

दुकान घेणारे गृहस्थ पुढच्या आठवड्यात ताबा घेणार आहेत, म्हणून मी रजा टाकून आवराआवर करते आहे. रोज दहाला जाते, काका कुलूप उघडतात. आम्ही मुदत संपलेली औषधं एका खोक्यात आणि चालू दुसऱ्या खोक्यात टाकतो. काका मधेच थांबून एखाद्या ड्रॉवरकडे बघत राहतात, मग "असो" म्हणतात. एरवी मी रोज प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या मोजते, त्यामुळे हे काम मला जमतं. नाव वाचायचं, तारीख वाचायची, जागेवर ठेवायचं.

घरी मांडणी मात्र अजून हलवली नाही. रोज रात्री दोन-तीन पुस्तकं काढून आतली पाकिटं वाचते. मला पुस्तकांतलं फारसं कळत नाही, तुला ठाऊक आहे. तुम्ही दोघं जेवताना एखाद्या कादंबरीवरून जुंपायचात तेव्हा मी आपली पोळी मोडत बसायची. पण बाबांची पाकिटं मला आवडायची. सुट्या गोळ्यांची ती छोटी कागदी पाकिटं, वर सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन छापलेले. पुस्तक हातात घेतलं की कोरं पाकीट खुणेला. पुस्तक संपलं की पाकिटावर मत लिहून ते मागच्या कव्हराच्या आत, आणि ते कधी वाचावं त्या चौकोनात बरोबरची खूण. अर्धवट सोडलं तर पाकीट त्याच पानावर राहू द्यायचं आणि वर कारण लिहायचं. परवा मधमाश्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं. "माश्या शिस्तीच्या, लेखक नाही. तरी चारशे पानं सोडवेना." सकाळ. त्या कुठल्याशा थोर माणसाच्या चरित्रात पाकीट एकसष्टाव्या पानावर. "हा जन्मल्यापासूनच थोर आहे. चूक करेल म्हणून किती वाट बघू?" एका प्रेमकथेत लिहिलंय, "ही दोघं तिसाव्या पानावर मोकळेपणी बोलली असती तर पुढचा कागद वाचला असता." झोपेच्या शास्त्रावरच्या पुस्तकात तर फक्त, "लागली. उपयुक्त." यावर हसले मी, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. आणि मग एकदम वाटलं की हे आता कुणाला सांगायचं?

गिऱ्हाइकांनाही ते औषधाबरोबर पुस्तक द्यायचे हे तू लहानपणी पाहिलंच आहेस. तू गेल्यानंतर ते वाढलं होतं. गल्ल्याखाली एक फळीच केली होती त्यांनी. गुडघे धरलेल्या एका आजोबांना त्यांनी गिर्यारोहणाचं पुस्तक दिलं. मी म्हटलं, अहो बाबा, ही चेष्टा झाली. तर म्हणाले, "निदान डोळ्यांनी तरी चढू दे की त्याला." पण मागितल्याशिवाय कुणाला काही दिलं नाही. गिऱ्हाईक "काही वाचायला आहे का हो?" म्हणेपर्यंत ते गप्प. औषधाचं आणि मताचं सारखंच, मागेल त्याला द्यावं, न मागता दिलं की बाधतं, असं त्यांचं ठाम मत. घरच्यांना तर मुळीच नाही.

तुझ्या पुस्तकाचं मी मुद्दामच इतका वेळ टाळते आहे. सहा वर्षं आपण तिघांनी तेच केलं. ते छापून आलं, तू एक प्रत बाबांच्या नावाने पोस्टाने पाठवलीस आणि दोन महिन्यांनी दोन दिवसांसाठी आलास. पहिल्याच संध्याकाळी, बाबा दुकानातून यायच्या आत, तू मांडणीवरून आपलं पुस्तक काढलंस. पाकीट सतराव्या पानावर होतं. कोरं. कारण नाही, खूण नाही, काही नाही. तू ते होतं तसं ठेवलंस, जेवताना हूं की चूं केलं नाहीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघून गेलास. महिन्याभराने फोनवर मला एकटीला सांगितलंस, "सतरा पानं, ताई. मधमाश्यांना चारशे दिली त्यांनी." तुझं ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यानंतर तुझं दुसरं पुस्तक अर्ध्यावर राहिलं, तू विमा कंपनीत चिकटलास आणि बाबांशी फोनवर हवापाण्यापलीकडे बोलला नाहीस. बाबाही फोन झाला की मला विचारायचे, "बरा आहे ना?" आताच तर त्याच्याशी बोललात, असं मी म्हणत नसे. "बरा आहे," म्हणत असे.

काल अकराच्या सुमाराला दुकानात गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, तुला आठवत असतील, तुझे कान त्यांनी पुष्कळ पिळले आहेत. गोळ्या नकोत म्हणाल्या, पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक काढून गल्ल्यावर ठेवलं. "मालकांचं आहे, परत करायचं राहिलं. मी गणित शिकवलेलं पोर असलं काही लिहील असं वाटलं नव्हतं हो. त्याला कळवा, बाईंनी पास केलं म्हणावं." मी उघडलं. तुझं पुस्तक. आत पाकीट, त्यावर बाबांचं अक्षर: "रोज दहा पानं, जेवणानंतर. शेवटचं प्रकरण एकटीने वाचावं." मी म्हटलं, बाई, हे कुठून आणलंत? त्या म्हणाल्या, "अहो, इथूनच. अर्ध्या गल्लीने वाचलंय. माझा नंबर सातवा होता."

बोक्या, मी औषधांच्या खोक्यावर बसले. काकांनी बाईंना वाटेला लावलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरी, तुला माहीत नव्हतं?" मग त्यांनी भिंतीतला सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. त्यात औषध नव्हतं. तुझ्या पुस्तकाच्या आणखी तीन प्रती होत्या, हाताळून मऊ झालेल्या, आणि रबर लावलेला पाकिटांचा एक गठ्ठा. अकरा पाकिटं, वर एक ते अकरा आकडे. बाबांनी आयुष्यात कुठल्याही पुस्तकाला एकाहून जास्त पाकीट दिलेलं मी पाहिलेलं नाही. तुझ्या पुस्तकाला अकरा लागली.

ती सोबत पाठवते आहे. मी वाचली आहेत, रागावू नकोस. पहिल्या पाकिटावर तिन्ही चौकोनांत खुणा आहेत, सकाळ, दुपार आणि रात्र. नुसतं कौतुक नाही हे आधीच सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या पाकिटावर तुझी चांगलीच हजेरी घेतली आहे. पावसाचं वर्णन तीन वेळा आलंय, एक पुरलं असतं. मावशीचं पात्र मधेच कुठे गेलं ते लेखकाने शोधावं. आणि तुझा तो अबोल औषधवाला, ज्याच्यावरून तू मला छापण्याआधी म्हणाला होतास की बाबांना ओळखू येईल का गं, त्याच्याबद्दल पाचव्या पाकिटावर आहे: "माणूस हुबेहूब. फक्त ड्रॉवर अंगठ्याने ओढतो असं लिहिलंय. अंगठ्याने नाही, मधल्या बोटाने. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावं." मी काकांना विचारलं. ते म्हणाले, हो, मधल्याच बोटाने. आठव्यावर फक्त चार ओळी आहेत. "पान एकशे चाळीस. मुलगा घर सोडून निघतो आणि औषधवाला त्याला काही बोलत नाही. अगदी खरं आहे. मीही बोललो नसतो. पण वाचताना मला त्याचा राग आला." पुढचं पाकीट दुसऱ्या शाईत आहे, म्हणजे मधे त्यांनी बहुधा काही दिवस जाऊ दिले.

ही तुला दिली का नाहीत, हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, सहा वर्षांपूर्वी तू येणार म्हटल्यावर बाबांनी अकरा पाकिटं शर्टाच्या खिशात घालून घरी नेली. खिसा फुगलेला, म्हणून काकांनी चिडवलंही, की मालक, दुकान घरी नेताय का. तिसऱ्या दिवशी ती परत आणून ड्रॉवरमध्ये टाकली. "विचारलं नाही त्याने," एवढंच म्हणाले. तुला त्या रात्रीचं जेवण आठवतं? बाबा सारखे छातीवर हात ठेवत होते. मी त्यांना विचारलं, जळजळतंय का, गोळी देऊ का? ते म्हणाले, नको, ठीक आहे. आणि तू ताटात बघत होतास. तू वाट बघत होतास की ते काही बोलतील, ते वाट बघत होते की तू विचारशील, आणि मी मधे बसून दोघांना भाजी वाढत होते.

आता अकरावं पाकीट. त्यावर मत असं नाही, दुकानदाराने फळीवर चिकटवावी तशी नोंद आहे. "पान दोनशे बारा, समाप्त. मत एका पाकिटात मावत नाही, म्हणून दुकानात ठेवलं आहे. घरच्या प्रतीत मागच्या कव्हराच्या आत कोरं पाकीट आहे, जागा धरायला. विचारेल तेव्हा सगळी द्यावीत." मी हे वाचलं, पुन्हा वाचलं. मग काकांना काही न सांगता घरी आले आणि मांडणीसमोर उभी राहिले.

माझ्यासाठी यापुढचं लिहिणं सर्वांत अवघड आहे, आणि त्याचसाठी हे पत्र आहे. तू येणार म्हणून त्या आठवड्यात मी बाबांच्या खोलीला रंग लावून घेतला होता. सगळी पुस्तकं मी एकटीने उतरवली आणि रंग सुकल्यावर एकटीनेच परत लावली. तुझं पुस्तक नवं, गुळगुळीत. स्टुलावर चढताना ते हातातून सटकलं आणि आतलं पाकीट उडून खाटेखाली गेलं. रंगारी बाहेर दार रंगवत होता, तो बादली सरकवा म्हणून मागे लागला होता. मी वाकून पाकीट काढलं, धूळ फुंकली, उलटून पाहिलं तर कोरं. खुणेचं असेल म्हटलं, आणि पुस्तक जिथे उघडलं तिथे सारून दिलं. तिथे कुठलं पान होतं ते मी बघितलंही नाही. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी सुटलेली दिसली तर मी तो नमुना ओतून टाकते, दुसरीकडे चिकटवत नाही. आणि घरी मी हे केलं. तुझा फोन आला तेव्हा मी जाऊन पुस्तक उघडलं आणि तुला म्हटलं, "हो रे, सतरावरच आहे." साक्षही मीच दिली. तेव्हा मला ते स्टूल, तो रंगारी आठवला होता का, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. नव्हता आठवला. खरंच नव्हता. पण मी बाबांना एका शब्दाने विचारलं असतं तर त्यांनी अकरा पाकिटं माझ्या हातात ठेवली असती. आपल्या घरात विचारणं म्हणजे भांडण काढणं असं मला वाटायचं, म्हणून मी सहा वर्षं विचारलं नाही. आज मी काकांना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणतात, नुसती पाकिटं पाठव, बाकीचं कशाला सांगतेस, तो तुझ्याशीही बोलायचा बंद होईल. होशील कदाचित. पण मी ते सांगितलं नसतं तर सहा वर्षं बाबांनी तुला कोरं ठेवलं होतं असंच तू धरून चालला असतास, आणि आता विचारायलाही ते नाहीत. म्हणून लिहिते. बाबांनी तुझी दोनशे बारा पानं वाचली, बोक्या. सतरावं पान माझं आहे.

तुझीच,
ताई