पारोळ्यात जगलेला नायक

नाना, काल इथे धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात मला वादविवाद स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता, ‘आजारावरचे सिनेमे : धंदा की धीर?’ एक मुलगा तावातावाने म्हणाला, लोकांच्या दुखण्याचं यांनी दुकान मांडलंय, पडद्यावरचा रोगी मरेपर्यंत त्याचा भांगसुद्धा विसकटत नाही. एक मुलगी म्हणाली, आजीच्या उशाशी बसून काय बोलायचं, ते मला एका सिनेमाने शिकवलं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग सगळे निकालासाठी माझ्याकडे बघायला लागले, आणि मला तुमचा बिस्किटांचा डबा आठवून हसू फुटलं. संयोजक सर घाबरून माझ्या चहाच्या कपात डोकावले.

तुम्ही पारोळ्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर. सुट्टीत तुमची ही लेक यंत्राच्या खोलीत स्टुलावर बसलेली असे. खोली भट्टीसारखी तापलेली, तुम्ही नुसत्या बनियनवर. तेव्हा असाच एक सिनेमा लागला होता. नायकाला असाध्य रोग. दोन गाणी आणि एक लांबलचक भाषण झाल्याशिवाय तो काही मरत नाही. तुम्ही दर खेळाला चिडायचात, "इतलं बोलाले आजारी माणूसमा दम कोठे ऱ्हास?" आणि दर खेळाला डोळेही पुसायचात. घाम आहे, म्हणायचात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का नवऱ्याला घेऊन मॅटिनीला यायच्या होत्या. काका नुकतेच धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आलेले, रोग तोच. पोस्टरवर नायक हसताना बघून अक्कांना वाटलं, जरा करमणूक होईल. तुम्ही सकाळीच शेवटचं रीळ काढलंत, मरणाचा सगळा तुकडा कापलात आणि नायक खाटेवरून खिडकीबाहेर बघून हसतो, तिथेच ‘समाप्त’ जोडून टाकलंत. खेळ सुटल्यावर अक्का खालूनच ओरडल्या, "बरा व्हयना ना तो, नाना!" काकांनी त्या संध्याकाळी मागून भजी खाल्ली.

पुढची फजिती मात्र तुमची. कापलेला तुकडा परत जोडायचा राहिला, आणि सिनेमा तसाच एरंडोलला गेला. नायक तिथेही वाचला. मालकांनी तुम्हाला सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही ऑपरेटर आहात की डॉक्टर?" तुकडा स्वयंपाकघरातल्या फळीवर, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडून राहिला. मग एका लग्नात अक्कांची धुळ्याची बहीण म्हणाली, तो तर मेला! अक्का म्हणाल्या, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय जिता. हळदीच्या हातांनी दोघी भांडतायत, आणि काका शेजारीच बसून सगळं ऐकतायत. तुमचा चेहरा पांढराफटक. काका शांतपणे म्हणाले, "धुयामा मरना व्हई. आमना पारोयामा जगना." आणि त्यांनी जिलेबी मागितली. पुढे ते आठ महिने होते.

बऱ्याच वर्षांनी जळगावला तुमचे रिपोर्ट आणायला मी एकटी गेले. तीन पानं होती. तिसरं वाचून मी बसस्टँडच्या बाकावर ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि घरी येऊन तुमच्या हातात दोनच पानं दिली. गाठ साधी आहे, असं मीच म्हणाले. तुम्ही कागद खिडकीच्या उजेडात धरलेत, फिल्म बघायचात तसे, आणि म्हणालात, "चांगलं शे ना मंग! जाय, तुनी नोकरी सांभाय." मी हलकी होऊन धुळ्याला परतले. तिसरं पान मी त्या डब्यात लपवलं होतं, कारण तो डबा तुम्ही कित्येक वर्षांत उघडला नव्हता. पुढचे सगळे रविवार आपण भरताच्या वांग्यांवरून भांडण्यात घालवले.

तुम्ही गेल्यावर मी डबा उघडला. मी पान चार घड्या घालून ठेवलं होतं. आत पान गुंडाळलेलं होतं, फिल्मच्या तुकड्यासारखं घट्ट, आणि त्याला तुमच्याच पद्धतीने दोरा बांधलेला. म्हणजे मी तुमचा शेवट कापला आणि तुम्ही, सगळं वाचून, माझा. मला तुमचा राग आला नाना, अजूनही येतो. मग हसू येतं. हे पत्रही आता त्याच डब्यात जाईल.

काल मी पहिला नंबर त्या मुलीला दिला. मुलाचे मुद्दे चांगले होते. तुम्ही असता तर त्यालाच दिला असतात. पण तिने आजीच्या उशाशी बसून जे बोलून घेतलं, ते मला तुमच्या उशाशी जमलं नाही. मी वांग्यांवरच बोलत राहिले.