सतरावं रीळ

पंचवटी, मंगळवार

तीर्थस्वरूप बाळाजीमामांस,

विश्वेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). ओझरची हवा तुम्हाला मानवतेय ना? मामींचा गुडघा काय म्हणतो? फोनवरच विचारलं असतं, पण मी ‘रीळ’ म्हटलं की तुमचा फोन कट होतो. आठवड्यात चारदा झाला. तिथे नेटवर्क उत्तम आहे, याची मी चौकशी करून ठेवली आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्या वाचनालयाचं (मी ग्रंथपाल होऊन एकोणीस वर्षं झाली, लोक अजून तुमचंच म्हणतात) काही खरं नाही. गावच्या जुन्या साप्ताहिकाचे मूळ अंक वाळवीने कधीच फस्त केले. उरली ती मायक्रोफिल्मची एकेचाळीस रिळं, आणि आता त्यांनाही आंबूस वास सुटलाय. झाडायला येणाऱ्या शकुबाई रोज विचारतात, “सायेब, कोनाचं लोनचं नासलं वो?” लोणचं कुठलं, गावाची एकेचाळीस वर्षं नासताहेत! स्कॅन करून संगणकावर चढवली तरच वाचतील. अनुदान मिळालंय, पण संच पूर्ण हवा अशी अट आहे. शनिवारी माणसं येऊन मोजून नेणार. आणि माझ्याकडे भरतात चाळीस. १९७३चं, सतरावं, नाही. ते मिळालं नाही तर बाकीची चाळीसही इथेच कुजणार. मला अन्न गोड लागत नाही. माळा उपसला, कपाटं सरकवली, भंगारात गेलेल्या एका कपाटाचा माग काढत अंबडपर्यंत जाऊन आलो (कपाट सापडलं, त्यात आता एका कारखान्याचे चहाचे कप असतात).

त्यात वल्लरी नावाची एक संशोधक मुलगी रोज अकराच्या ठोक्याला दारात हजर. दुष्काळावर प्रबंध लिहितेय, तिला नेमकं त्र्याहत्तर सालच हवं. तिला गुंतवायला म्हणून मी तुमची सूची पुढे केली. मामा, जगात बातम्यांची सूची तारखेने लावतात, नाहीतर विषयाने. तुम्ही ती तीर्थोपाध्याय आजोबांच्या यजमानांच्या वह्यांसारखी लावलीत: आधी गाव, मग आडनाव, मग कुळातली माणसं. दुष्काळ शोधायचा तर आधी विचारावं लागतं, कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा? तीन दिवसांत पोरीला घोटीच्या अकरा घराण्यांची लग्नं आणि भाऊबंदकी पाठ झाली. दुष्काळ काही मिळाला नाही.

काल कंटाळून तिने ‘पंचवटी’ उघडलं आणि म्हणाली, “सर, हे बाळाजी म्हणजे सूची लिहिणारेच ना?” तुमच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: चि. बाळाजी, जाहीर नोटीस, जून १९७३, रीळ १७. अहो, रीळ दडवायचं होतं तर नोंद तरी गाळायची! पण उपाध्यायाच्या पोटी जन्मलेला माणूस वहीतून कुळातलं नाव कसा गाळणार?

आजोबांनी छापलेली ती नोटीस घरात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. मखमलाबादच्या फुलमळेवाल्यांची छाया (म्हणजे मामी) हिच्याशी परस्पर लग्न केलं, सबब हा मुलगा आमचा नाही, यजमानांनी त्याच्याकडून कोणताही विधी करून घेऊ नये. तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल, या विचाराने मला रात्री भरून आलं. सकाळी मात्र पुन्हा शनिवार आठवला आणि तुमचा भयंकर राग आला.

असो. मी काहीच सुचवत नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
विश्वेश

ता. क. सुचवतो. शुक्रवारी पहिल्या बसने मी येतोय. रीळ काढून ठेवा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच मामींचा फोन आला. रीळ देवघराखालच्या खणात, बिस्किटांच्या डब्यात आहे म्हणाल्या. ती नोटीस कधी त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही रीळ निवृत्तीच्या दिवशी घरी आणलंत, हेही त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. त्या नोटिशीचं कात्रण त्यांनी बावन्न वर्षं आपल्या ट्रंकेत जपलंय. मी चाचरत विचारलं, असलं कशाला ठेवलंत? तर म्हणाल्या, “आरं, ह्यांनी माझ्यापायी घर सोडलं, हे सासऱ्यांनी सोताच्या पैशानं साऱ्या नाशकाला छापून सांगितलं. येवढा मान कोन्या बाईला मिळतो?”